नऊ नारळ आणि शेलबारीचा घाट

सायकलवरून डोंगर चढताना पाठीवर काय घ्यावं, यावर मला आता अधिकारवाणीने बोलता येतं. नारळ घेऊ नयेत. त्यातही मानाचे तर मुळीच घेऊ नयेत. ते वाटेत टाकता येत नाहीत, कुणाला देता येत नाहीत आणि भूक लागली म्हणून फोडूनही खाता येत नाहीत. हे ज्ञान मी तीन दिवसांत आणि दोन जिल्ह्यांत मिळवलं.

सुरुवात माझ्या तोंडापासून झाली. माझ्या आयुष्यातल्या बहुतेक गोष्टी तिथूनच सुरू होतात.

जळगावात आमचं सहा जणांचं सायकल मंडळ आहे. मंडळ म्हणजे काय, तर रविवारी पहाटे मेहरूणच्या तलावाला फेऱ्या मारायच्या, आणि मग पोह्यांच्या गाडीवर जेवढं घटवलं त्याच्या दुप्पट भरून घरी यायचं. मंडळाचे प्रमुख दातांचे डॉक्टर. त्यांची सायकल इतकी हलकी, की ते ती दोन बोटांनी उचलून दाखवतात. न विचारताही दाखवतात. दुसरे आमचे केळीवाले भाऊ. रावेरकडे त्यांचे केळीचे मळे, घर जळगावात, आणि सायकल त्यांच्या वडिलांच्या काळातली, मागे लोखंडी कॅरिअर असलेली. बाकीचे तिघे चांगले आहेत. ते कमी बोलतात. उरलो मी. वय छप्पन्न, कचेरीत कारकून, आणि दोन वर्षांपूर्वी हृदयाच्या एका नळीत जाळी बसवून घेतलेला.

सायकल त्या जाळीमुळेच आली. हृदयाचे डॉक्टर म्हणाले, चाला नाहीतर सायकल चालवा. मी दुसऱ्याच दिवशी दुकानात जाऊन निळी, एकवीस गिअरची सायकल घेऊन आलो. बायकोला हा सल्ला अजूनही पटलेला नाही. तिच्या मते डॉक्टरांनी 'चाला' असंच सांगितलं होतं आणि पुढचं मी माझ्या मनाने घातलं.

तर हिवाळ्यात मंडळाने ठरवलं, की तलावाला फेऱ्या पुरे झाल्या, आता तीन दिवसांची मोठी सफर काढायची. पारोळ्याचा भुईकोट किल्ला बघायचा, धुळ्याला मुक्काम, मग साक्रीकडे भामेरचा किल्ला, पिंपळनेरला मुक्काम, आणि तिसऱ्या दिवशी शेलबारीचा घाट चढून बागलाणच्या तोंडाशी जाऊन उभं राहायचं. मार्ग आखायचं काम मी मागून घेतलं. दातांचे डॉक्टर मोबाइलवर चढ-उतारांचे आलेख काढत बसले होते. मी म्हटलं, त्याची गरज नाही. आणि एका कागदावर लिहून दिलं: एरंडोलला मावसबहीण, पारोळ्याला साडू, धुळ्याला व्याही, साक्रीला जुने सहकारी, पिंपळनेरला चुलतसासरे.

डॉक्टरांनी कागद उलटून मागची बाजूही बघितली. म्हणाले, "यात किल्ले कुठे आहेत?"

"पाहुण्यांच्या मधे मधे," मी म्हटलं.

ही चूक फक्त आमच्याकडचा माणूस करू शकतो. बाहेरचा माणूस मार्ग आखताना अंतर बघतो, पाणी कुठे मिळेल ते बघतो. आम्ही बघतो, की अमक्या गावावरून गेलो आणि तमक्याकडे टेकलो नाही, तर पुढच्या लग्नात काय काय ऐकावं लागेल. वर मी प्रत्येकाला फोन करून सांगितलं, "येतोय, पण काही करू नका." खान्देशात या वाक्याचा अर्थ, परातभर पीठ भिजवा.

सामानासाठी मागे एक छोटा टेम्पो ठेवायचं ठरलं. तो माझ्या जावयाचा. त्यांचं धुळ्यात पाइप आणि मोटारींचं दुकान आहे, आणि सासऱ्याच्या शब्दाला ते नाही म्हणत नाहीत, हा त्यांचा एकमेव दोष. बैठकीत डॉक्टर म्हणाले की कुणाला, म्हणजे विशेषतः ज्यांचं वय आहे, तब्येत आहे, त्यांना घाटात टेम्पोत बसता येईल. असं म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, आणि तेच मला लागलं. मी उठून नियम मांडला: टेम्पोत फक्त पाणी, पंक्चरचं सामान आणि अंथरुणं. वाटेत हाती आलेलं सामान ज्याचं त्याने वाहायचं. जो ते टेम्पोत टाकेल, तो टेम्पोत बसल्यासारखाच. हा टोला डॉक्टरांच्या कॅमेऱ्याच्या पिशवीला होता. सगळ्यांनी माना डोलावल्या. डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी कॅमेरा घरी ठेवला.

एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण त्या संध्याकाळी जावई टेम्पो घेऊन घरी आलेले, बायको पोळ्या लाटतेय, आणि मी त्यांना नियम सांगतोय. बायकोने लाटणं न थांबवता विचारलं, "आणि तुम्हीच बसलात तर?"

"बसलो तर ही सायकल जावईबापूंना देऊन टाकीन. परत पायडलवर पाय ठेवणार नाही."

"ठरलं," ती म्हणाली. "तुम्ही ऐकलंत ना?" हे जावयांना.

जावई संकोचून हसले. पण रात्री अंगणात पाहिलं तर ते माझ्या सायकलजवळ उभे होते. सीटची उंची त्यांनी कमरेशी लावून बघितली आणि खालचा खटका नुसता चाचपला. माणूस सज्जन आहे, पण बघणारच ना.

खरं सांगायचं तर त्या रात्री माझी झोप उडाली. जाळी बसवल्यापासून घरात मला कुणी गॅसचं सिलिंडर हलवू देत नाही, जिना चढलो की वर कुणीतरी खुर्ची घेऊन उभं असतं. रविवारचे ते दोन तास सोडले, तर माझी गत काचेच्या बरणीतल्या लोणच्यासारखी. सायकल गेली असती तर बरणीचं झाकण कायमचं लागलं असतं. आणि हे मी स्वतःच्या तोंडाने पणाला लावलं होतं, पोळी गरम असताना.

निघालो. थंडी चांगली होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वेचणीला आलेली कपाशी. एरंडोलला पोचेपर्यंत मी सगळ्यांच्या पुढे होतो, हे इथे मुद्दाम नोंदवतो, कारण नंतर तशी संधी येणार नाही. मावसबहिणीने सकाळी आठला वांग्याचं भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी वाढली. लाकडी बडगीत ठेचलेलं, कांद्याची पात घातलेलं भरीत. त्याला नाही म्हणणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. जेवण झाल्यावर मला खुर्चीवर बसवलं, कपाळाला कुंकू लावलं, खांद्यावर टॉवेल, डोक्यावर टोपी आणि हातात नारळ. फोटो काढला. बाकीचे पाच माझ्याबरोबर आलेले, म्हणून त्यांना चहा.

टॉवेल-टोपी-नारळ हा आमच्याकडचा मान. पाहुणा रिकाम्या हाताने जाऊ द्यायचा नाही. आणि आमच्या घरची रीत अशी, की मानाचा नारळ घरी आणून देवापुढे ठेवायचा, मगच फोडायचा. मी तो नारळ मोठ्या ऐटीत पाठपिशवीत टाकला. एकच तर होता.

पारोळ्यात साडूंनी एक दिला आणि त्यांच्या भावाने एक. तिथे शेवभाजी होती, लाल तर्रीवाली. त्यानंतर मी मंडळाला किल्ल्याची माहिती सांगितली. खंदक दाखवला, तट दाखवला, आणि लांबवर दिसणारा एक उंच गोल बुरूज दाखवून, तिथून शत्रूवर कशी नजर ठेवत, हे रंगवून सांगितलं. केळीवाल्या भाऊंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "भो, त्या बुरजाला नळ आहे." ती पाण्याची टाकी होती. तिथून पुढे मी इतिहासावर कमी बोललो.

धुळ्याला व्याह्यांकडे मुक्काम. व्याह्यांचा नारळ, त्यांच्या धाकट्या भावाचा नारळ, आणि गल्लीतल्या एका वयोवृद्ध नानांचा नारळ, कारण त्यांना वाटलं आपण का मागे राहायचं. पानात खापरावरचे मांडे होते, हातरुमालासारखे पातळ आणि ताटापेक्षा मोठे. व्याहीणबाई म्हणाल्या, एवढंसं घ्या. मुलीच्या सासरी एवढंसं किती असतं, हे मुलीच्या बापाला विचारा. मी चार खाल्ले. मुलगी दारातून डोळ्यांनी 'पुरे' म्हणत होती. मी तिच्याकडे बघायचं टाळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाठपिशवी उचलली आणि मागे गेलो. सहा नारळ. टेम्पोत टाकणं शक्य नव्हतं, नियम माझा. वाटेत सोडून देणंही शक्य नव्हतं. मागून टेम्पो येत होता, तो चालवणारे जावई, आणि पिशवीतला एक नारळ त्यांच्या वडिलांचा. केळीवाल्या भाऊंनी आदल्या दिवशीच सांगितलं होतं, की ओझं पाठीवर घेऊ नका, कॅरिअरला दोन्ही बाजूंनी खाली लटकवा. मी त्यांना म्हटलं होतं, पाठीवर ओझं असलं की कणा ताठ राहतो. हे मी कुठे वाचलं होतं, देव जाणे.

साक्रीत जुन्या सहकाऱ्यांनी सातवा दिला. तो घेऊन मी भामेरला पोचलो.

भामेर बघावं असं गाव आहे. गावात शिरतानाच दगडी दरवाजा, घरांच्या ओट्याला कोरीव खांब, आणि हजार वर्षांच्या एका नक्षीला बांधलेली शेळी. वर डोंगराच्या कपारीत खोदलेली लांबच लांब लेणी. बाकीचे वर गेले. मी खाली एका खांबाच्या तळाशी बसलो, कारण बसलो नसतो तर पडलो असतो. शेजारी एक आबा ऊन खात बसले होते. त्यांनी पिशवीतून डोकावणाऱ्या शेंड्या मोजल्या आणि एवढे नारळ घेऊन कुठे निघालात, असं विचारलं.

"इतला नारय लिसन कथा चालनात, भाऊ? नवस शे का?"

नवस नाही, मान आहे, असं म्हणून मी त्यांना सगळी हकिगत सांगितली. नियम, डॉक्टर, जावई, सायकल, सगळं. आबांनी विडी विझवली आणि शांतपणे म्हणाले, "बठ्ठा मान तुमनाच का? थोडा तरी बाकीसले देवाना व्हता."

सगळा मान एकट्याने ठेवून घेतला, थोडा इतरांना द्यायचा होता. मी हसलो. पण पिंपळनेरपर्यंतच्या रस्त्यात ते वाक्य नारळांपेक्षा जड झालं. खरंच, मागच्या तिघांची नावं पाहुण्यांना सांगायचंही मला सुचलं नव्हतं. पिंपळनेरला चुलतसासऱ्यांनी नारळ पुढे केला तेव्हा मी पहिल्यांदा म्हटलं, आधी डॉक्टरांना द्या, आमचे प्रमुख आहेत. चुलतसासरे खूश झाले. त्यांनी डॉक्टरांना एक दिला, बाकीच्या चौघांना एकेक दिला, आणि मला, मोठ्या मनाचा पाहुणा म्हणून, दोन दिले.

तिसऱ्या दिवशी सकाळी पिंपळनेरच्या चौकात माझ्या पाठीवर नऊ नारळ होते. डॉक्टरांच्या पिशवीत एक होता आणि तेवढ्यानेच त्यांचा चेहरा उतरला होता. ते म्हणाले, नियम रद्द करू या, सगळ्यांचे नारळ टेम्पोत टाकू, कोण बघतंय. त्यांनी हे मनापासून म्हटलं होतं. शहाणा माणूस हो म्हणाला असता. मी म्हटलं, तुम्ही टाका, माझी हरकत नाही. पण मी टाकणार नाही. बाकीच्यांनी टाकले. अशी वाक्यं माझ्या तोंडून कुठून येतात, ते शोधायला खरं तर त्या हृदयाच्या डॉक्टरांना सांगायला हवं होतं. नळीत कॅमेरा घातलाच होता.

शेलबारीच्या रस्त्याला सुरुवातीला काही वाटत नाही. शेतं, मधेच आदिवासी पाडे, कौलांवर वाळत घातलेल्या मिरच्या. मग डोंगर दोन्हीकडून जवळ येतात आणि रस्ता मान वर करतो. याच खिंडीतून पूर्वी व्यापाऱ्यांचे तांडे बैलांवर माल लादून खान्देशातून बागलाणात उतरायचे म्हणतात. मला पहिल्या वळणावर त्या बैलांबद्दल आदर वाटायला लागला. दुसऱ्या वळणावर मी त्यांच्यातला एक झालो. प्रत्येक पायडलला पाठीवरचे नऊच्या नऊ नारळ एकदा डावीकडे जात आणि एकदा उजवीकडे, आणि सायकल त्यांच्या मागे. समोरून येणाऱ्या एका ट्रकवाल्याने मला प्यायलेला समजून लांबूनच हॉर्न धरला.

तिसऱ्या वळणावर मी उतरलो. बाकीचे वर गेलेले, दिसत नव्हते. पायडलवर परत पाय ठेवायला गेलो, तर पाय उचलेचना. मागून टेम्पो पहिल्या गिअरमध्ये गुरगुरत आला आणि शेजारी थांबला. जावयांनी इंजिन बंद केलं. घाटात एकदम शांतता झाली. माझा श्वास सोडून.

ते खाली उतरले, माझ्या पाठीवरची पिशवी हलकेच हाताने पेलून धरली आणि म्हणाले, "मामा, बसा. वरच्या वळणाआधी उतरवतो. मामींना मी सांगणार नाही. कधीच नाही."

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. त्यात लबाडी नव्हती. सायकलीचा विचारही नव्हता. भीती होती. त्यांनी सायकल माझ्या हातातून घेतली, टेम्पोला टेकवली. मी दाराची दांडी धरली आणि डावा पाय पायरीवर ठेवला. हे मी लपवणार नाही. पाय पायरीवर होता.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. बायको.

"कुठे आहात?"

"घाटात."

"बसलात?"

मी पायाकडे पाहिलं. "अजून नाही."

मग तिने अगदी हळू विचारलं, "छातीत काही होतंय?"

मी नीट लक्ष देऊन पाहिलं. खरंच पाहिलं, तिला या प्रश्नाचं खोटं उत्तर मी देत नाही. म्हटलं, "नाही. छाती ठीक आहे. मांड्या गेल्यात."

"मांड्यांना काय धाड भरलीय," ती म्हणाली. "चढा. सगळ्या गल्लीला सांगून बसलेय मी."

आणि फोन ठेवला.

दोन वर्षांत मला कुणी 'चढा' म्हणालं नव्हतं. जपा म्हणाले, बसा म्हणाले, हळू म्हणाले. मी तिथे टेम्पोची दांडी धरून उभा राहिलो आणि मला एकदम हसू फुटलं. जावयांना वाटलं, मामांच्या डोक्यात ऊन शिरलं. मी पाय पायरीवरून काढला आणि त्यांना म्हटलं, "जावईबापू, सायकल आणा इकडे."

वरच्या वळणावरून केळीवाले भाऊ पायी खाली येताना दिसले. मी का आलो नाही, हे बघायला त्यांनी आपली सायकल वर लावली होती. ते सरळ माझ्याजवळ आले. पाठीवरची पिशवी उतरवली, नारळ रस्त्याच्या कडेला ओतले आणि एकेक हातात घेऊन तोलला. मग टेम्पोतल्या पंक्चरच्या सामानातून दोरी काढली, शेंड्यांना गाठी मारून चारची एक आणि पाचची एक अशा दोन माळा केल्या, आणि माझ्या कॅरिअरला, मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांना, तारांना लागणार नाहीत अशा, खाली घट्ट बांधल्या. जड चार एका बाजूला, हलके पाच दुसऱ्या बाजूला. त्यांच्या वडिलांनी केळीचे घड असेच सायकलवर बांधून बाजाराला नेले होते. हे ते मला तीन दिवस सांगत होते, आणि मी त्यांना कण्याविषयी सांगत होतो.

"आता बसा भो," ते म्हणाले, "आणि वर बघू नका. पुढच्या चाकाकडे बघा."

मी बसलो. सायकल सरळ चालली. नऊ नारळ तेच, घाट तोच, मांड्याही त्याच. पण आता ओझं माझ्याशी भांडत नव्हतं. सगळ्यात लहान गिअर टाकला आणि पुढच्या चाकाकडे बघत राहिलो. डांबरातले खडे दिसत होते, एक तुटलेली चप्पल, एक मुंगळा. मुंगळ्याने मला मागे टाकलं नाही, एवढं नक्की. भाऊ शेजारून चालत होते आणि त्यांच्या मळ्यातल्या पाण्याच्या पाळीबद्दल काहीतरी सांगत होते. मी फक्त हं म्हणत होतो. त्यांनी सायकल लावलेलं वळण आलं तसे तेही तिच्यावर चढले आणि माझ्यापुढे न जाता, जाता येत असून, मागेच राहिले.

शेवटचं वळण आलं हे मला वारा लागल्यावर कळलं. एकदम समोरून गार वारा आला, आणि बघतो तर रस्ता पुढे चढतच नव्हता. समोर बागलाणचे डोंगर, एकामागे एक, सकाळच्या उन्हात. डॉक्टर आणि ते तिघे कठड्यावर बसले होते. मला पाहून चौघेही उभे राहिले. मग त्या कमी बोलणाऱ्यांपैकी एकाने डोक्यावरचं हेल्मेट काढून हातात धरलं. आयुष्यात मला मिळालेला हा सगळ्यात हलका मान.

मी सायकल थांबवली आणि शर्यत जिंकलेले लोक करतात तसं ती डोक्यावर उचलायला गेलो. ती गुडघ्यापर्यंत आली. फोटो त्याच क्षणी निघाला आहे. त्यात मी सायकलीमागे लपल्यासारखा दिसतो, पण दात सगळे दिसतात. डॉक्टरांनी ते मोजून पाहिले आणि एक किडलाय म्हणाले.

जावई टेम्पो कडेला लावून आले. त्यांनी बायकोला फोन लावला आणि माझ्याकडे बघत, जरा मोठ्यानेच, सांगितलं, "मामी, मामा चढले. बसले नाहीत. सायकल त्यांचीच."

पलीकडून तिने काय म्हटलं ते मला ऐकू आलं नाही. जावई ऐकत राहिले, हो हो म्हणाले आणि फोन खाली करून मला म्हणाले, "मामी विचारतायत, पुढच्या वेळी त्यांना टेम्पोत बसून येता येईल का. घाट बघायचाय म्हणतात."

मी त्यांना सांगायला सांगितलं की मंडळाच्या नियमाप्रमाणे बसता येईल, त्यांनी कसलीच पैज लावलेली नाही. मग चेन तपासली, ब्रेक दाबून पाहिला आणि बागलाणातल्या ताहाराबादच्या बाजूचा उतार पायडल न मारता सोडला.